प्लेन्सबोरो: न्यू जर्सीतली एक छोटी टाऊनशिप नक्की चालते कशी

न्यू जर्सीत घर असलेल्या कुठल्याही मराठी माणसाला प्रॉपर्टी टॅक्सबद्दल विचारून बघा, तो आधी सुस्कारा सोडतो आणि मग आकडा सांगतो. २०२४ मधे राज्यातलं सरासरी घराचं वर्षाचं बिल १०,००० डॉलरच्या पुढे गेलं. एवढे पैसे जातात कुठे असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "टाऊनशिपला, अजून कुठे?" हे उत्तर बरंचसं चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे कळलं की अमेरिकेतली सबर्ब नावाची भानगड बऱ्यापैकी उलगडते. म्हणून एकच गाव घेऊ आणि तेच नीट बघू. मी प्लेन्सबोरो घेतेय, कारण एकतर ते छोटं आहे, दुसरं म्हणजे इथे आपली माणसं भरपूर आहेत, आणि तिसरं म्हणजे या गावाची गोष्ट गाईपासून सुरू होते.

आधी नकाशा. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या साधारण मधोमध, रूट वन नावाच्या हायवेच्या कडेला, मिडलसेक्स काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) दक्षिण टोकाला ही टाऊनशिप आहे. क्षेत्रफळ १२ चौरस मैल, म्हणजे ३१ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २४,०८४. आपल्याकडे एवढी वस्ती एखाद्या मोठ्या सोसायटीवाल्या रस्त्यावर निघेल. पश्चिमेला प्रिन्स्टन, नैऋत्येला वेस्ट विंडसर, उत्तरेला साउथ ब्रन्सविक, पूर्वेला क्रॅनबरी. गावात आता एकही ट्रेन थांबत नाही, न्यूयॉर्कला जायचं तर शेजारच्या वेस्ट विंडसरमधल्या प्रिन्स्टन जंक्शनला जावं लागतं. आणि हो, पुण्यात बिल्डर बांधतो ती टाऊनशिप इथे डोक्यात आणू नका, ही सरकारी गोष्ट आहे, हिला हद्द आहे, पोलीस आहेत, कायदे करायचा अधिकार आहे.

पत्त्यांचा घोळ तर विचारूच नका. गावाचा स्वतःचा झिपकोड, म्हणजे आपला पिनकोड, ०८५३६, पण हद्दीतल्या काही भागाला पोस्ट खात्याने प्रिन्स्टनचा ०८५४० दिलाय, त्यामुळे लोक राहतात प्लेन्सबोरोत, टॅक्स भरतात प्लेन्सबोरोत आणि पत्ता सांगतात प्रिन्स्टनचा (नातेवाइकांना सांगताना तर हमखास, त्यात युनिव्हर्सिटीचा रुबाब फुकट मिळतो). पोस्टाचा पत्ता आणि तुमची टाऊनशिप यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, आणि घर बघायला निघालेली मंडळी बहुतेक वेळा इथेच पहिल्यांदा फसतात.

आता गाईची गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी इथे वॉकर-गॉर्डन नावाची प्रचंड मोठी डेअरी होती, लहान बाळांसाठी आणि आजारी माणसांसाठी काटेकोर तपासलेलं दूध काढणं हा तिचा धंदा. १९३० मधे त्यांनी रोटोलॅक्टर सुरू केला: एक गोल फिरणारा प्लॅटफॉर्म, त्यावर एका वेळी ५० गाई, गाय वर चढते, तिला धुतात, मशीनने दूध काढतात आणि साडेबारा मिनिटांत एक फेरी पूर्ण झाली की ती खाली उतरते. लोक हे बघायला लांबून यायचे. १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरमधे बोर्डन नावाच्या दुधाच्या कंपनीने हाच रोटोलॅक्टर मांडला होता, आणि तिथे येणारे लोक सारखे विचारायचे की यातली एल्सी कुठली, कारण एल्सी हे बोर्डनच्या जाहिरातीतल्या गाईचं कार्टून होतं. मग त्यांनी कळपातली एक देखणी जर्सी गाय निवडली आणि तिलाच एल्सी करून टाकलं. १९४१ मधे ट्रकच्या अपघातात ती जखमी झाली, वाचली नाही, आणि तिला प्लेन्सबोरोला आणून पुरलं. डेअरी १९७१ मधे बंद पडली, त्या जमिनीवर आता घरं आहेत, कॉलनीचं नावसुद्धा वॉकर-गॉर्डनच, आणि तिथे एल्सीच्या नावाचा दगड अजून आहे. ज्या गावात निम्म्याच्या आसपास आशियाई लोक आणि त्यातही भारतीय मोठ्या संख्येने, त्या गावात गाईची समाधी असावी हा योगायोग मला फार आवडतो.

पण टाऊनशिप झाली ती काही गाईंमुळे नाही, शाळेमुळे. १९१९ च्या आधी प्लेन्सबोरो हे गाव म्हणून होतं पण सरकार म्हणून नव्हतं, अर्धं क्रॅनबरी टाऊनशिपमधे आणि अर्धं साउथ ब्रन्सविकमधे. गावात नवी शाळा हवी होती आणि दोन वेगळ्या टाऊनशिपच्या तिजोऱ्यांतून ती होण्याची चिन्हं दिसेनात. मग स्थानिक मंडळींनी राज्याच्या विधिमंडळाकडून स्वतःची टाऊनशिपच मंजूर करून आणली, मे १९१९ मधे. यात पुढाकार घेणाऱ्या वकील जॉन विकॉफ यांचं नाव गावातल्या एका प्राथमिक शाळेला आहे, त्यांचं घर आता गावाचं छोटं म्युझियम आहे.

"शाळेसाठी वेगळं गाव?" असं वाटेल, पण न्यू जर्सीचा इतिहासच असा आहे. १८९४ मधे राज्याने कायदा केला की अख्ख्या टाऊनशिपची शाळा एकत्र, खर्चही एकत्र. झालं, दुसऱ्या कोपऱ्यातल्या पोरांच्या शाळेचा पैसा आम्ही का द्यायचा म्हणून जो तो तुकडा बरो म्हणून, म्हणजे छोटं स्वतंत्र गाव म्हणून, फुटून निघाला, एकट्या बर्गन काउंटीत १८९४ मधेच २६ बरो तयार झाल्या. आज या एवढ्याशा राज्यात ५६४ म्युनिसिपालट्या आहेत. बरो, टाऊन, सिटी, व्हिलेज, टाऊनशिप अशी पाच नावं, पण अधिकार जवळपास सारखेच. एकत्र या म्हणून सरकार कानीकपाळी ओरडतं, पण येतंय कोण? प्रिन्स्टनच घ्या, प्रिन्स्टन बरो आणि तिला चारही बाजूंनी वेढणारी प्रिन्स्टन टाऊनशिप, दोघींचे वेगळे पोलीस, वेगळे कारभारी, अनेक दशकं वाद घालून झाल्यावर २०११ मधे लोकांनी मतदान केलं आणि २०१३ च्या १ जानेवारीला त्या एक झाल्या. ही घटना इतकी दुर्मिळ आहे की आजही उदाहरण म्हणून तीच देतात.

बरं, मग टाऊनशिप चालवतं कोण? प्लेन्सबोरोत टाऊनशिप कमिटी आहे, पाच माणसं, तीन वर्षांची मुदत, पण सगळ्यांची मुदत एकाच वर्षी संपत नाही, दरवर्षी नोव्हेंबरात एक किंवा दोन जागांची निवडणूक. मेयर लोक निवडत नाहीत, दर जानेवारीच्या पहिल्या बैठकीत हे पाच जण आपल्यातूनच एकाला मेयर करतात. ही कोणाची पूर्णवेळ नोकरी नसते, दिवसा आपापला कामधंदा, संध्याकाळी बैठक. रोजचा गाडा हाकायला पगारी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतो, आणि क्लार्क असतो ज्याच्याकडे निवडणुकीच्या अर्जापासून ठरावांपर्यंत सगळे कागद, इथे क्लार्क म्हणजे कारकून समजू नका, कायद्याने नेमलेला मोठा अधिकारी आहे तो. पोलीस गावाचे स्वतःचे. आग विझवायला मात्र व्हॉलंटिअर फायर कंपनी, म्हणजे तुमच्या शेजारचा अकाउंटंट किंवा प्लंबर हातातलं काम टाकून बंबावर जातो. माझ्या सासूबाईंना हे पटवायला मला बराच वेळ लागला, त्यांना वाटायचं एवढ्या श्रीमंत देशात आग विझवायला पगारी माणूस कसा नाही.

आता टॅक्सच्या बिलाकडे येऊ, खरी मेख तिथेच आहे.

बिल येतं टाऊनशिपच्या नावाने, चार हप्ते, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. बहुतेकांचं ते परस्पर बँक भरते, मॉर्गेजच्या हप्त्यातच धरलेलं असतं, त्यामुळे कागद कोणी उघडून बघतच नाही. उघडा एकदा. त्यावर एकच आकडा नसतो, ओळी असतात. काउंटी टॅक्स एक ओळ. काउंटीने मोकळ्या जमिनी राखण्यासाठी घेतलेला वेगळा. शाळेचा टॅक्स एक ओळ, आणि ती ओळ बघून डोळे पांढरे होतात. मग म्युनिसिपल टॅक्स. मग लायब्ररी. टाऊनशिपने स्वतः मोकळ्या जमिनीसाठी काही लावलं असेल तर ते. राज्यभराची सरासरी बघितली तर बिलातले निम्म्याहून जास्त पैसे शाळांना जातात, काउंटीचा वाटा जातो, आणि टाऊनशिपच्या स्वतःच्या हातात साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा कमीच उरतो. म्हणजे टाऊनशिप ही बरीचशी वसुली करणारी आहे, शिव्या सगळ्या ती खाते आणि पैसा मोठा दुसरीकडे जातो. चार जणांनी हॉटेलात आपापलं वेगळं मागवलं, बिल मात्र एकाच्याच हातात आलं, तसा प्रकार. त्यातही गंमत अशी की समजा काही लोकांनी टॅक्स भरलाच नाही, तरी शाळा आणि काउंटीला त्यांचा पूर्ण पैसा टाऊनशिपने द्यायचाच असतो, बुडीत जे काय ते टाऊनशिपच्या माथी, म्हणून बजेटमधे त्यासाठी आधीच रक्कम बाजूला काढून ठेवतात.

लायब्ररीची ओळ तर मला फारच आवडते कारण ती कोणाच्या मर्जीवर नाही. ज्या गावाची स्वतःची म्युनिसिपल लायब्ररी आहे त्या गावाने घरांच्या बाजारभावाच्या दर हजार डॉलरमागे साधारण ३३ सेंट लायब्ररीला द्यायलाच हवेत असा राज्याचा कायदा आहे. म्हणजे ६ लाखांच्या घरामागे वर्षाला २०० डॉलर. प्लेन्सबोरोची लायब्ररी नवी, मोठी आणि कायम भरलेली असते, शनिवारी दुपारी तिथे बसायला खुर्ची मिळाली तर नशीब, सगळी टेबलं अभ्यासाच्या पोरांनी धरलेली.

शाळेचं काय आहे की शाळा टाऊनशिपची नाहीच. हे वाक्य परत वाचा, कारण इथे भल्याभल्यांची गफलत होते. प्लेन्सबोरो आणि वेस्ट विंडसर यांचा मिळून एक वेगळा रीजनल स्कूल डिस्ट्रिक्ट आहे, म्हणजे एक गाव मिडलसेक्स काउंटीतलं आणि दुसरं मर्सर काउंटीतलं, दोघांची शाळा एक. हायस्कूल दोन, साउथ १९७३ पासून वेस्ट विंडसरमधे आणि नॉर्थ १९९७ पासून प्लेन्सबोरोत. यांचं बोर्ड वेगळं, नऊ जण, लोकसंख्येच्या हिशोबाने वेस्ट विंडसरचे पाच आणि प्लेन्सबोरोचे चार. यांची निवडणूक वेगळी, बजेट वेगळं, सुपरिंटेंडंट, म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, वेगळा. मेयरला जाऊन शाळेच्या गणिताच्या तासाबद्दल तक्रार केलीत तर तो हसून "बोर्डाला भेटा" म्हणेल, आणि त्याचं बरोबरच आहे.

खर्चाची वाटणी कशी होते तर दोन्ही गावांतल्या मालमत्तेच्या एकूण बाजारभावाच्या प्रमाणात. याचा परिणाम भारी होतो. समजा एका वर्षी वेस्ट विंडसरमधल्या घरांचे भाव प्लेन्सबोरोपेक्षा जास्त वाढले, तर शाळेचं बजेट एका डॉलरनेही वाढलं नाही तरी त्यांचा वाटा वाढतो आणि आपला कमी होतो, पुढच्या वर्षी कदाचित उलट. त्यामुळे एकाच शाळेत, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन पोरांच्या आईबापांचा शाळेचा टॅक्स एकाच वर्षी एकाचा वर जातो आणि दुसऱ्याचा खाली येतो. वरून २०१० चा राज्याचा कायदा आहे की टॅक्सची एकूण वसुली वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढवायची नाही, काही अपवाद सोडून. पण ती मर्यादा एकूण वसुलीला आहे, तुमच्या घराच्या बिलाला नाही, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कितीही वेळा सांगितलं तरी दर ऑगस्टमधे कोणीतरी "दोन टक्के म्हणाले होते ना!" म्हणून भांडायला येतंच.

या शाळांमुळेच तर लोक इथे येतात, आणि त्याचा ताण पोरांवर किती येतो यावर २०१५ मधे इथे मोठा वाद पेटला. सुपरिंटेंडंट डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं, पोरं दडपणाखाली आहेत म्हणून, हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री होमवर्क नाही असं ठरवलं. पालकांत सरळ दोन तट. एका बाजूला "पोरांना श्वास घेऊ द्या", दुसऱ्या बाजूला "आम्ही हे सगळं सोडून इथे आलो ते अभ्यास पातळ करायला नाही", आणि दुसऱ्या बाजूला आशियाई पालक जास्त होते हे लपवण्यात अर्थ नाही. बातमी राष्ट्रीय पेपरांपर्यंत गेली. मला स्वतःला वाटतं की दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर होतं, पण बोर्डाच्या बैठकीत आवाज कोणाचा मोठा यावर मुद्दा ठरत नाही, मतदानाला किती जण उतरतात यावर ठरतो. त्याबद्दल शेवटी बोलू.

मग टाऊनशिपच्या हातात खरं काय आहे? जमीन. कुठे घर, कुठे ऑफिस, कुठे शेत, किती मजले, रस्त्यापासून किती अंतर सोडायचं, पार्किंगच्या जागा किती, हे सगळं झोनिंगचा कायदा ठरवतो आणि तो कायदा टाऊनशिप करते. ही एक ताकद इतकी मोठी आहे की अख्ख्या गावाचं नशीब तिच्यावर ठरतं.

प्लेन्सबोरोची लोकसंख्या बघा: १९७० मधे १,६४८. १९८० मधे ५,६०५. १९९० मधे १४,२१३. वीस वर्षांत आठपटीच्या वर! हे आपोआप होत नाही. डेअरी बंद पडायच्या सुमारास शेती परवडेनाशी झालेली, रूट वनवर ऑफिसं यायला लागलेली, प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीने स्वतःच्या जमिनीवर फॉरेस्टल सेंटर नावाचं ऑफिस पार्क काढलेलं. आजूबाजूच्या गावांनी अशा वेळी एक-एक दोन-दोन एकरांचे प्लॉट ठेवून मोठे बंगलेच येतील अशी सोय केली, प्लेन्सबोरोने मात्र अपार्टमेंटना परवानगी दिली, हजारोंनी. प्रिन्स्टन मेडोज हा तो भाग: फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, डिअर क्रीक, क्वेल रिज, फेझंट हॉलो, रेव्हन्स क्रेस्ट. कोल्हा, शिकारी, हरीण, लावा, फेझंट, डोमकावळा, सगळं जंगल हाकलून त्याची नावं तेवढी बोर्डावर ठेवली. पुण्याहून, ठाण्याहून ऑनसाइट आलेल्या किती जणांचा अमेरिकेतला पहिला पत्ता यातलाच एखादा असतो, चार वर्षं भाड्याने, मग पोर शाळेत जायला लागलं की टाउनहाऊसची शोधाशोध आणि तोही शक्यतो याच स्कूल डिस्ट्रिक्टमधे. आपली माणसं इथे का जमली याचं उत्तर "चांगल्या शाळा" एवढंच नाहीये, परवडणाऱ्या भाड्याची जागा त्या शाळांच्या हद्दीत बांधू दिली गेली हेही आहे, आणि ते कमिटीच्या झोनिंगमुळे झालं.

जी गावं दारं लावून बसली त्यांचं काय झालं तेही सांगते. माउंट लॉरेल नावाची न्यू जर्सीतलीच दुसरी एक टाऊनशिप, बर्लिंग्टन काउंटीत, तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना स्वस्त घरं बांधायला झोनिंगने अडवलं. प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७५ मधे कोर्टाने सांगितलं की झोनिंगची ताकद गरिबांना बाहेर ठेवायला वापरता येणार नाही, प्रत्येक गावाने आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ द्यायलाच हवीत. गावं ऐकेनात, म्हणून १९८३ मधे कोर्टाने आणखी कडक निकाल दिला, की ऐकत नसाल तर बिल्डर कोर्टात जाऊन परवानगी मिळवू शकेल. त्यानंतर आजपर्यंत हे भांडण चालूच आहे, २०२४ मधे नवा कायदा झाला आणि २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी प्रत्येक गावाला नवीन आकडा मिळाला. तुमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेवर अचानक चार मजली इमारतीचा प्रस्ताव आला तर त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, मेयरने पैसे खाल्ले असा लगेच निष्कर्ष काढू नका.

प्रस्ताव मंजूर कसा होतो ते एकदा प्लॅनिंग बोर्डाच्या बैठकीला जाऊन बघण्यासारखं आहे, कुठल्याही टाऊनशिपमधे साधारण सारखंच. आधी अर्जदाराने २०० फुटांच्या आत ज्यांची जागा आहे त्या सगळ्यांना निदान दहा दिवस आधी नोटीस द्यायची. ती नोटीस म्हणजे ब्लॉक नंबर, लॉट नंबर आणि वकिली इंग्रजी, बऱ्याच घरी जाहिरातीच्या गठ्ठ्यात जाऊन रिसायकलिंगच्या डब्यात पोचते. बैठकीत अर्जदाराचा वकील उभा राहतो, एकेक तज्ज्ञ बोलावतो आणि प्रत्येकाला कोर्टासारखी शपथ देतात. ट्रॅफिक इंजिनिअर चौकाला ए ते एफ असे मार्क देतो, शाळेच्या रिझल्टसारखे, आणि सांगतो की आत्ता चौक सी आहे, इमारत झाल्यावरही सीच राहील. मागे बसलेल्या बाई, ज्या रोज सकाळी त्याच चौकात तीन सिग्नल थांबतात, त्या नुसत्या बघत राहतात. मग लोकांनी प्रश्न विचारायचे. इथे आपली एक सवय आडवी येते, आपण उठून भाषण करतो, "आमच्या भागाचं वातावरण बिघडेल". बोर्डाला त्याचा काही उपयोग नाही, कारण कायद्याने त्यांना कागदावर आलेल्या पुराव्यावर निर्णय द्यायचाय, नाहीतर बिल्डर कोर्टात जाऊन जिंकतो. उपयोग कशाचा होतो? "तुम्ही गाड्या मोजल्या तो दिवस शाळेच्या सुट्टीचा होता का?" असल्या एका ओळीच्या प्रश्नाचा.

ऑफिसं आणि कंपन्या यांचं झोनिंगही असंच महत्त्वाचं, कारण कंपनी टॅक्स भरते पण शाळेत पोरं पाठवत नाही. म्हणून प्रत्येक गावाला कंपन्या हव्या असतात. स्कडर्स मिल रोडवरचा मोठा कॅम्पस आधी मेरिल लिंचचा होता, आता तिथल्या इमारतीत नोवो नॉर्डिस्कचं अमेरिकेतलं मुख्य ऑफिस आहे, तेच ते इन्सुलिन आणि वजनाच्या इंजेक्शनवाले. पण गावात टॅक्स न भरणारेही मोठे रहिवासी आहेत. फॉरेस्टल कॅम्पसची जमीन आधी रॉकफेलर इन्स्टिट्यूटची होती, तिथे वेंडेल स्टॅन्लींनी १९३५ मधे तंबाखूच्या रोगाचा व्हायरस स्फटिकाच्या रूपात वेगळा काढला आणि १९४६ चं नोबेल मिळवलं. १९५१ मधे ती जागा युनिव्हर्सिटीने घेतली, आणि आता तिथे प्लाझ्मा फिजिक्स लॅब आहे, जिथल्या मशीनने १९९४ मधे फ्यूजनमधून, म्हणजे अणुकेंद्रं एकमेकांत जोडून, १०.७ मेगावॉट एवढी ताकद काढून दाखवली, अर्थात क्षणभरच. जगभर नाव प्रिन्स्टनचं झालं, लॅब प्लेन्सबोरोच्या हद्दीत. झिपकोडचा महिमा, दुसरं काय.

हॉस्पिटलचं तसंच. २०१२ च्या मे महिन्यात प्रिन्स्टनचं जुनं हॉस्पिटल रूट वनवर प्लेन्सबोरोत नव्या इमारतीत आलं, एफएमसी कंपनीच्या जुन्या १७१ एकरांच्या जागेवर, आणि २०१८ पासून ते पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या पेन मेडिसिनकडे आहे. (एका गाजलेल्या अमेरिकन मालिकेतल्या काल्पनिक हॉस्पिटलच्या नावात प्रिन्स्टन आणि प्लेन्सबोरो दोन्ही होती, २००४ पासून, त्यामुळे खरं हॉस्पिटल आल्यावर सगळ्यांनी एकच जोक केला.) हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट, म्हणजे एरवी प्रॉपर्टी टॅक्स माफ. पण २०१५ मधे मॉरिसटाउनच्या हॉस्पिटलच्या केसमधे टॅक्स कोर्टाने विचारलं की आत नफ्यावर चालणारे डॉक्टर आणि कंपन्या मिसळलेल्या असताना माफी कसली? राज्यभरातली गावं आपापल्या हॉस्पिटलवर कोर्टात गेली, गोंधळ माजला, शेवटी २०२१ मधे कायद्याने तोड काढली: माफी चालू, पण गावाला दर बेडमागे दिवसाला ३ डॉलर द्यायचे आणि दरवर्षी त्यात थोडी वाढ. १०० बेडचे वर्षाला १,०९,५०० डॉलर होतात. कोणी म्हणेल काहीच नसण्यापेक्षा बरं, कोणी म्हणेल रूट वनवरच्या एवढ्या जागेला हे चणे-फुटाणे आहेत, मी दुसऱ्या गटात आहे.

बर्फ पडला की गावाचे हे सगळे मालक एकदम दिसतात. रूट वन साफ करायचा राज्याने, स्कडर्स मिल रोड काउंटीने, गल्लीबोळ टाऊनशिपने, आणि टाउनहाऊसच्या कॉलनीतला आतला रस्ता एचओएने, म्हणजे सोसायटीने, जिला तुम्ही वेगळे पैसे देता आणि जिचा सरकारशी संबंध नाही, तो निव्वळ घर घेताना सही केलेला करार आहे. चार रस्ते, चार वेगवेगळ्या गाड्या, चार वेगवेगळ्या वेळा. एकदा आमच्या कॉलनीच्या तोंडाशी बाहेरच्या गाडीने ढकललेल्या बर्फाचा ढीग आणि आतल्या गाडीने ढकललेल्या बर्फाचा ढीग समोरासमोर उभे राहिले, आणि दोन्हीकडे फोन केल्यावर दोघांनीही शांतपणे सांगितलं की तो आमचा नाही. शेवटी आम्ही शेजारी मिळून फावड्यांनी काढला.

आता मतदानाचं. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांत एच-वन व्हिसावाले आणि ग्रीनकार्डच्या रांगेतले भरपूर, रांग इतकी लांब की माणूस घर घेतो, पोरं हायस्कूलला जातात, पण सिटिझन होत नाही, आणि सिटिझन नाही तर कमिटीला मत नाही, स्कूल बोर्डालाही नाही. टॅक्स मात्र पूर्ण, आणि भाड्याने राहणाऱ्यालाही सुटका नाही, कारण मालक तो भाड्यातच धरतो. पण मत नसलं तरी तोंड आहे. राज्याच्या १९७५ च्या कायद्याने या सगळ्या बैठका खुल्या आहेत, कमिटीच्या आणि स्कूल बोर्डाच्या प्रत्येक बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, तिथे कोणी पासपोर्ट विचारत नाही. ज्यांना मत आहे त्यांची कथा वेगळीच, गणेशोत्सवाच्या कमिटीत कोण खजिनदार यावर तासभर वाद घालतील पण स्कूल बोर्डाला उभे असलेले कोण हे मतपत्रिका हातात आल्यावर वाचतील. चार-पाच नावांतून निवडायचं असतं आणि जिंकण्या-हरण्यातला फरक कधीकधी एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधल्या मतदारांपेक्षाही कमी असतो.

आणि घराची किंमत असेसरने, म्हणजे टॅक्ससाठी किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, अवाच्या सवा लावलीय असं वाटत असेल तर अपील काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे करायचं, साधारणपणे १ एप्रिलच्या आत, शेजारच्या तसल्याच घरांच्या अलीकडच्या विक्रीचे आकडे सोबत जोडून. टॅक्स फार आहे हे कारण तिथे चालत नाही, किंमत चुकीची आहे एवढंच चालतं. फॉर्म टाऊनशिपच्या ऑफिसात मागितला तर ते काउंटीकडे बोट दाखवतील, आणि आता का ते तुम्हाला माहितीये.